दिव्यांच्या गावी

हॉलंडच्या दक्षिणेला, ब्राबांट नावाच्या सपाट मुलखात, आइंडहोवन नावाचे एक शहर आहे. ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावरून आगगाडीत बसले की दीडएक तासात माणूस तेथे पोहोचतो. वाटेत दिसतात ती हिरवी कुरणे, काठोकाठ भरलेले पाट आणि भर पावसात निर्विकारपणे रवंथ करीत उभ्या असलेल्या गाई. आपल्याकडून हॉलंडला जाणारा प्रवासी ट्यूलिपची शेते, पवनचक्क्या आणि ॲम्स्टरडॅमचे कालवे पाहून परततो. आइंडहोवन त्याच्या यादीत बसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. नाव घेण्याजोगा राजवाडा येथे नाही, आणि जे जुने गाव होते ते दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात बरेचसे भाजून निघाले. तरीही डच माणसे या शहराला कौतुकाने 'लिख्तस्टाड' म्हणतात. लिख्तस्टाड म्हणजे दिव्यांचे शहर.

माझी भाची तेथे असते. शेजारच्या फेल्डहोवन गावात, संगणकाच्या चिप्स छापण्याची अवाढव्य यंत्रे बनवणारा एएसएमएल नावाचा कारखाना आहे. त्यात ती इंजिनिअर आहे. मराठी बोलणारी बरीच मुले-मुली आता त्या भागात आहेत. "मामा, दिवाळीच्या सुट्टीत या, इथे नोव्हेंबरात दिव्यांचा उत्सव असतो," असा तिचा आग्रह दोन वर्षे चालला होता. गेल्या खेपेस मी रजा जोडून गेलो.

जाताना एक कामगिरीही गळ्यात पडली होती. आमच्या सोसायटीच्या आवारात आठ खांबांवर जुने पिवळे सोडियमचे दिवे आहेत, किंवा होते. पावसाळ्यात दोन स्कूटरींच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या आणि सभेत एकच गिल्ला झाला: गच्चीच्या कठड्यावर मोठमोठे पांढरे एलईडी झोत लावा, रात्रीचा दिवस करा! कंत्राटदाराने नमुना म्हणून एक झोत लावूनही दाखवला. तो नेमका माझ्या आईच्या खिडकीत शिरला. आईचे वय ८४. तिने दोन रात्री तळमळून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी खिडकीला जुने नऊवारी दुहेरी करून लावले. तिची तक्रार घेऊन मी चिटणिसांकडे गेलो, तर ते म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही दिव्यांच्याच गावी निघालात ना? मग चौकशी करून या. तुम्ही आल्यावर ठरवू." मराठीच्या मास्तरावर विजेच्या दिव्यांची जोखीम टाकणारी आमची बहुधा पहिलीच सोसायटी असेल!

तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी चौकशीला लागलो. सुरुवात अर्थातच फिलिप्सच्या संग्रहालयापासून. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी फिलिप्सचा रेडिओ होता! त्या कंपनीचा जन्म १८९१ सालचा. गेरार्ड फिलिप्स नावाचा तरुण इंजिनिअर आणि त्याचे सावकारी पेढी चालवणारे वडील फ्रेडरिक यांनी मिळून या गावात विजेचे बल्ब करायला घेतले. त्याच पहिल्या कारखान्याच्या जागी आता संग्रहालय आहे. हे फ्रेडरिक म्हणजे कार्ल मार्क्सचे सख्खे मावसभाऊ! एका भावाने भांडवलाविरुद्ध लिहावे आणि दुसऱ्याने भांडवल घालून कारखाना काढावा, ही गंमत वाचून मला हसू आवरेना.

सुरुवातीला धंदा बेताचाच होता. पुढे गेरार्डचा धाकटा भाऊ आंतोन विक्रीला बाहेर पडला. १८९८ साली रशियाच्या झारच्या हिवाळी महालासाठी त्याने ५०,००० बल्बची मागणी मिळवली. गेरार्डला ती तार खरीच वाटेना; शून्ये चुकली असावीत म्हणून त्याने उलट विचारणा केली, तेव्हा आंतोनने तोच आकडा तीन भाषांत लिहून पाठवला, असे सांगतात. बल्बच्या पोटातली केसासारखी तार बसवायला नाजूक बोटे लागत, म्हणून कारखान्यात खेड्यापाड्यांतल्या मुली कामाला येत. गाव वाढले ते त्यांच्या बोटांवर.

शहराच्या मध्यावर एक उंच, पांढरी इमारत आहे. तिचे नाव 'लिख्ततोरेन', दिव्यांचा मनोरा. हे नाव कोणा कवीने दिलेले नाही. तयार झालेले बल्ब किती तास टिकतात हे पाहण्यासाठी तेथे ते रात्रंदिवस जळत ठेवीत, म्हणून लांबून मनोरा सदैव उजळलेला दिसे. आता त्यात राहण्याची घरे आणि हॉटेल आहे. या टिकण्याच्या तासांचीही एक कथा आहे. १९२४ साली जगातल्या बड्या बल्बवाल्यांनी जिनिव्हात बसून एक करार केला. फिलिप्सही त्यात होती. बल्बने हजार तास जळावे, त्याहून फार अधिक जळू नये, असे त्यात ठरले. ज्याचा बल्ब अधिक जगे त्याला दंड! दीर्घायुष्याबद्दल दंड भरावा लागणारी जगात दुसरी कुठली वस्तू असेल?

आज ते सारे संपले आहे. युरोपात २००९ पासून जुने तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद झाले. फिलिप्सने आपला दिव्यांचा व्यवसाय २०१६ साली वेगळा काढला, आणि २०१८ पासून त्या कंपनीचे नावही बदलून 'सिग्निफाय' झाले. हे स्थित्यंतर घडवले एका मोहरीएवढ्या चिपने. तांबडा प्रकाश देणारी अशी चिप १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केली. पण तांबड्या उजेडात कोण वाचणार? पांढऱ्यासाठी निळा हवा होता, आणि तो तीस वर्षे कोणाच्या हाती लागेना. अखेर जपानमध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या खटपटीला यश आले. १९९३ साली झगझगीत निळा दिवा बाजारात आला आणि २०१४ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळसर भुकटीचा लेप असतो. निळे आणि पिवळे मिळून डोळ्यांना पांढरे भासते. लेप कमी तर उजेड निळसर, लेप जास्त तर समईसारखा. खोक्यावर २७०० आणि ६५०० असे आकडे छापलेले असतात, ते हेच सांगतात: आकडा जितका लहान तितका उजेड उबदार.

या चिपने उजेड किती स्वस्त झाला! ६० वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देई तेवढा आता आठ-नऊ वॅटांत मिळतो. आपल्याकडे २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले, आणि सरकारी खरेदीत ३१० रुपयांचा बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. ज्यांच्या लहानपणी 'दिवा कोण मालवणार, बिल तुझा बाप भरणार का?' हे वाक्य रोज ऐकू येई, त्यांना या आकड्यांचे मोल कळेल.

आता एवढ्या स्वस्त उजेडाच्या गावी घरे कशी लखलखाटात न्हाऊन निघत असतील, अशी माझी कल्पना होती. भाचीच्या घरी पहिल्या संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला बसलो आणि अक्षर दिसेना! छताला दिवाच नाही. मोजून अकरा दिवे होते, पण कोणी कोपऱ्यात, कोणी पुस्तकांच्या फळीखाली, दोन खिडकीच्या कट्ट्यावर जोडीने. "ट्यूबलाइट कुठे आहे?" मी विचारले. "मामा, इथे खोली उजळत नाहीत," ती हसून म्हणाली, "तुम्ही जिथे बसाल तिथला दिवा लावायचा." तिने खुर्चीशेजारचा दिवा लावला आणि वर्तमानपत्रापुरता स्वच्छ उजेड पडला. हातातल्या फोनवरून ती त्याचा रंग बदलू शकत होती. सकाळी पांढरा, रात्र चढू लागली की पिवळसर.

खुर्चीजवळच्या अशा दिव्याला डच भाषेत 'स्खेमरलाम्प' म्हणतात. आम्हा भाषेच्या मास्तरांना नवा शब्द दिसला की थबकायची खोड असते. 'स्खेमर' म्हणजे संधिप्रकाश. हा त्यांचा तिन्हीसांजेचा दिवा! शिवाय दिवेलागणीपूर्वी न बोलता, दिवा न लावता नुसते बसून राहणे, यासाठीही त्यांच्याकडे त्याच शब्दापासून झालेले एक क्रियापद आहे. कोकणातल्या ओटीवर माझे आजोबा असेच बसत, आणि आतून आजी निरांजन घेऊन आली की सावरून हात जोडीत. आपल्याकडेही दिवा कधी 'विझवीत' नाहीत. तो मालवतात, त्याला निरोप देतात. दिव्याशी इतके अदबीने बोलणारी आपली भाषा आणि छताच्या मधोमध चिकटवलेली आपली ट्यूबलाइट यांचे जमले तरी कसे, कोण जाणे!

उत्सवाचे नाव 'ग्लो'. २००६ पासून दर नोव्हेंबरात तो भरतो. तिकीट नाही. सूर्य पावणेपाचलाच मावळतो, आणि मग सारे गाव मफलर गुंडाळून रस्त्यावर येते. सेंट कॅथरिनाच्या उंच देवळाच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशाची चित्रे अशी काही खेळत होती की दगड वितळून वाहू लागल्याचा भास व्हावा. खांद्यावर मुले घेतलेले बाप, चाकाच्या खुर्चीतल्या आज्या, सायकली हातात धरून चालणारे कॉलेजकुमार. आपल्या गणपतीची आरास पाहायला जमते तशीच गर्दी, फक्त भोंग्याविना. मला मात्र एक बारीकशी गोष्ट अधिक आवडली. ही चित्रे उठून दिसावीत म्हणून त्या वाटेवरचे रस्त्यावरचे दिवे मंद केले होते. दिवे दाखवायचे तर आधी अंधार राखावा लागतो, हे त्या गावाने नीट ओळखलेले दिसले.

पुढच्या दिवशी सायकलींवरून आम्ही न्यूनेन या खेड्यात गेलो. शहरापासून सात-आठ किलोमीटर. येथे १८८३ ते १८८५ या काळात व्हिन्सेंट व्हॅन गॉग राहत असे आणि येथेच त्याने बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे ते प्रसिद्ध चित्र रंगवले. काळोख्या झोपडीत पाच माणसे जेवायला बसली आहेत. वर एकच तेलाचा दिवा टांगलेला आहे. त्या दिव्यात ताटली दिसते, हात दिसतात, चेहरे दिसतात, आणि बाकी सारे अंधारात आहे. ते चित्र १८८५ सालचे. त्यानंतर सहाच वर्षांनी पलीकडच्या गावात बल्बचा कारखाना निघाला. न्यूनेनच्या वाटेवर २०१४ साली दान रोसखार्दे या कलाकाराने सायकलींसाठी एक रस्ता सजवला आहे. लांबी सुमारे ६०० मीटर. त्यात हजारो खडे बसवले आहेत. ते दिवसा उजेड पितात आणि रात्री हिरवट-निळे चमकतात. व्हॅन गॉगच्या ताऱ्यांच्या रात्रीवरून ही कल्पना सुचली. आम्ही गेलो तो दिवस ढगाळ होता, त्यामुळे खडे मोठ्या नाखुशीनेच चमकत होते. तरी डोळे सरावल्यावर पायांखालची वाट दिसू लागली. खांब नाही, आणि डोळ्यांत शिरणारा दिवाही नाही.

पण माझ्या चौकशीचे खरे उत्तर मिळाले ते भाचीच्या शेजारच्या आजोबांकडून. त्यांनी तीस वर्षे दिव्यांच्या कारखान्यात काढली होती. कॉफी घेताघेता मी आमच्या आवाराची हकीकत सांगितली. चोरी, झोत, आई, नऊवारी, सगळे. मला वाटले, ते आता वॅट आणि किंमती सांगतील. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे ओढली आणि विचारले, "तुमच्या आवारात रात्री कोण कोण चालतं?"

मी आठवून सांगू लागलो. साडेअकराला दवाखान्यातली पाळी संपवून येणारी बी विंगमधली परिचारिका, बारापर्यंत अभ्यासिकेतून परतणारी दोन मुले, चार वाजता दूधवाला आणि आपला गुरखा.

"म्हणजे चार-सहा माणसं. आणि झोपतात किती?"

"दीडशेच्या वर."

"मग दिवा चालणाऱ्याच्या पायाशी न्या. झोपलेल्याच्या खिडकीत कशाला?"

मग त्यांनी कागदावर काढून दाखवले. दिवा खाली तोंड करून, वर पूर्ण टोपी घातलेला, म्हणजे उजेड आकाशात किंवा खिडक्यांत जात नाही. रंग २७०० चा, उबदार. रात्री अकरानंतर उजेड निम्म्याहून कमी, आणि कोणी चालत आले की दिव्यातल्या डोळ्याला ते कळते आणि तो हळूहळू वाढतो. मी म्हणालो, "पण पांढऱ्या उजेडात जास्त स्पष्ट दिसतं म्हणतात." ते म्हणाले, रंग नीट दिसतात हे खरे; पण म्हाताऱ्या डोळ्यांतले भिंग धुरकट झालेले असते, त्यांच्या डोळ्यांत तो उजेड विखुरतो आणि ती अधिकच दिपतात. शिवाय डोळ्यांत पाहण्याशी फारसा संबंध नसलेल्या काही पेशी असतात. त्यांचा शोध २००२ साली लागला. निळा उजेड दिसला की त्या मेंदूला कळवतात, दिवस आहे, जागा हो. माझ्या आईच्या दोन रात्रींचा असा उलगडा झाला.

हॉलंडमध्येच न्यूवकोप नावाच्या गावी वटवाघळांच्या वाटा मोडू नयेत म्हणून २०१८ साली एका वस्तीत तांबडे दिवे लावले, हेही त्यांनीच सांगितले. वटवाघळांसाठी एवढे, तर माणसांसाठी का नको? घरी परतल्यावर मी आपल्याकडचे पाहू लागलो. २०१५ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे सोनेरी दिवे काढून पांढरे बसवले, तेव्हा लोकांनी केवढी ओरड केली होती! एकीकडे, २०१६ सालच्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे जगातल्या एक-तृतीयांशाहून अधिक माणसांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आणि दुसरीकडे, आपल्याच महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे. अंधार जपल्याबद्दल मान मिळू लागला आहे, तर!

सोसायटीच्या सभेत मी आजोबांचा कागद मांडला. खजिनदारांनी लगेच हिशेब केला. जुना सोडियमचा दिवा सरंजामासकट ८५ वॅट खाई. नवा २० चा. आठ खांबांचे ६८० वॅट होते ते १६० वर येणार, आणि अकरानंतर त्याहूनही कमी. ते इतके खूष झाले की म्हणाले, "मग वाचलेल्या पैशांत आणखी आठ दिवे लावू या की! आणि गच्चीवरचे झोतही राहू देत." सभेने टाळ्या वाजवल्या. माझा सारा हॉलंडचा प्रवास त्या टाळ्यांत वाहून जातो की काय, अशी मला धास्ती पडली. उजेड स्वस्त झाला की माणूस पैसे वाचवीत नाही, दिवे वाढवतो. साऱ्या जगात हेच चालले आहे. आमचे खजिनदार त्याला अपवाद कसे असतील?

मी काही बोलणार एवढ्यात बी विंगमधली परिचारिका उठली. एरवी ती सभेत बोलत नाही. "रात्री मी एकटी येते," ती म्हणाली. "त्या झोताखालून येताना माझे डोळे असे दिपतात की जिन्यापाशी कोणी उभं असेल तरी दिसत नाही. मला दिवा पायाशी हवा, जिन्याच्या तोंडाशी हवा. डोळ्यांत नको."

त्यानंतर कोणी झोताचे नाव काढले नाही. दिवे आठच राहिले; त्यांतला एक तेवढा जिन्याच्या तोंडाशी हलवला. काम फेब्रुवारीत पुरे झाले. बॅटरी पुन्हा चोरीला गेलेली नाही. पण तेवढ्यावरून मी काही सिद्धांत मांडणार नाही, कारण गुरखाही बदलला आहे.

आईने खिडकीचे नऊवारी काढून घडी करून ठेवले. तिची झोप सावध. रात्री साडेअकराच्या सुमारास फाटकापासून एकेक दिवा हळूच उजळत येतो, तेव्हा खिडकीखालची भिंत जराशी सोनेरी होते. मी जागा असलो तर पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज येतो, "आली गं बाई ती घरी." मग ती कूस बदलते.